समुद्र सपाट होता, तरी गाईडने का थांबवलं?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे आणि बराचसा रागात लिहिलेला आहे, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही, पत्नी, चौदा वर्षांचा मुलगा, चौसष्ट वर्षांचे सासरे आणि दुसरं एक जोडपं असे सहा जण जुलैमध्ये अलास्काच्या ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये सहा दिवसांच्या कयाक ट्रिपला गेलात. बोटीने म्युइर इनलेटच्या (इनलेट म्हणजे आत घुसलेली लांब, चिंचोळी खाडी) तोंडाशी सोडलं, तिथून तुम्ही वल्हवत वर गेलात. मॅकब्राइड हिमनदी दिसली, पण गाईडने अर्ध्या मैलाच्या आत जाऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी समोरच्या काठावरच्या वाचुसेट इनलेटमध्ये जायचं कार्यक्रमात लिहिलेलं होतं. लख्ख ऊन, पाणी सपाट, आणि तरी पंचविशीतली ती मुलगी म्हणाली, "आज पलीकडे नाही." त्याऐवजी पायी फिरायला नेलं, तर दुपारी दोनला गुडघाभर पाण्याच्या ओढ्यावरून परत फिरवलं. वर तंबूतला चिवडा जप्त केला. ती भित्री होती की नवखी, पैसे वाया गेले का, आणि इतकी वर्षं सह्याद्री तुडवल्यावर पुढच्या वर्षी गाईडशिवाय गेलं तर काय बिघडेल, असं तुम्ही विचारताय.

मी मूळची देवगडची. गेली बरीच वर्षं उन्हाळ्याचे महिने आग्नेय अलास्कात याच कामावर असते, लोकांना कयाकमधून आणि पायी हिमनद्यांच्या किनाऱ्यांवर फिरवते. तुमच्या गाईडला मी ओळखत नाही. मी तिथे नव्हते, त्यामुळे त्या दिवशी रेडिओवर हवामानाचा अंदाज काय होता, तिला पाण्यावर काय दिसलं, तुमच्यातलं कोण किती दमलेलं होतं, हे मला सांगता येणार नाही. निर्णय फिरतो तो याच गोष्टींवर. दुसऱ्या गटाला, दुसऱ्या वेळी तिने कदाचित पलीकडे नेलंही असतं. आणि नवखे गाईड कधीकधी उगाच थांबवतात, हेही मी नाकारत नाही.

पण तुमची खरी अडचण मला वेगळी वाटते. गाईडने बरोबर निर्णय घेतला की त्याचा परिणाम दिसतो "काहीच झालं नाही" असा. चुकीचा घेतला तरी दहातल्या नऊ वेळा काहीच होत नाही. म्हणजे संध्याकाळी सगळे सुखरूप आहेत यावरून गाईड चांगली होती असं म्हणता येत नाही, आणि दुपारी समुद्र सपाट दिसला यावरून ती भित्री होती असंही म्हणता येत नाही. तिने कशाकशाचा हिशेब केला, हे पाहावं लागतं. तुमच्याच वर्णनावरून तो हिशेब बराचसा मांडता येतो.

पलीकडे जाण्याचं आधी घेते, कारण राग तिथला आहे.

आपल्याकडे ऊन पडलं की समुद्र चांगला, असं मनात पक्कं बसलेलं असतं. या खाड्यांत बरेचदा उलटं असतं. खाली उतरलेले ढग आणि रिपरिप पाऊस असेल तर पाणी दिवसभर निपचित पडून राहतं. कडक ऊन पडलं की दोन्ही बाजूंचे उघडे खडकाळ उतार तापतात, तिथली हवा वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा खाडीच्या तोंडातून आत ओढली जाते. त्याच वेळी वरच्या बाजूला बर्फाला टेकून गार, जड झालेली हवा हिमनदीवरून खाली घसरत असते. खाडी अरुंद असल्यामुळे दोन्ही वाऱ्यांना पसरायला जागा नाही. सकाळी नऊला सपाट असलेल्या पाण्यावर साडेअकराला फेसाळ लाटा, असे दिवस मी पुष्कळ पाहिले आहेत. आणि हा बदल हळूहळू होत नाही, पाव तासात होतो.

आता भरती-ओहोटी. तुम्ही लिहिलंय की सकाळी पाणी तंबूंच्या खालच्या दगडांपर्यंत आलं होतं आणि दुपारी किनारा "क्रिकेटचं मैदान व्हावं इतका" उघडा पडला होता. म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती आणि तीनच्या सुमारास पूर्ण सुकती. ग्लेशियर बेमध्ये उधाणाला भरती-ओहोटीत साडेसात मीटरपर्यंत फरक पडतो. सहा तासांच्या ओहोटीत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी जातं. तुमच्या दिवशी ते तास होते अकरा ते एक. तेव्हा पाणी जोराने बाहेर, दक्षिणेला वाहत होतं आणि उन्हाचा वारा आत, उत्तरेला. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेवढाच वारा प्रवाहाच्या दिशेने असता तर तुम्हाला जाणवलाही नसता.

मग सकाळी साडेनऊलाच का नाही निघालो, असं तुम्ही म्हणाल. तुम्हीच लिहिलंय की नाश्ता साडेनऊला झाला. सहा नवख्या माणसांनी तंबू उतरवायचे, सगळं सामान कयाकच्या पोटात एकेक पिशवी करून कोंबायचं, भरलेली दोन माणसांची कयाक शेवाळ आणि शिंपल्यांवरून पाण्यापर्यंत न्यायची, याला दोन तास लागतात. म्हणजे पाण्यात उतरायला साडेअकरा. तिथे खाडी दोन-अडीच किलोमीटर रुंद धरली आणि तुमचा वेग ताशी चार किलोमीटर धरला, तर तीस-चाळीस मिनिटं तुम्ही दोन्ही काठांपासून लांब, आणि नेमके ओहोटीच्या सर्वांत जोरातल्या तासात.

दुपारी चारला पाणी सपाट होतं म्हणता, ते तंबूसमोरचं. तुमचा तळ एका भूशिराच्या आडोशाला होता, कारण चांगला गाईड तळ आडोशालाच टाकतो. अशा ठिकाणी उभं राहून मधल्या पाण्याकडे नीट बघावं लागतं. काठाजवळ पाणी चकाकत असतं, आणि पुढे कुठेतरी त्यावर एक गडद पट्टा सुरू होतो. रंग थोडासाच वेगळा, निळ्याऐवजी पाटीसारखा काळपट. तो ढगांच्या सावलीचा असेल तर सरकतो. वाऱ्याचा असेल तर जागेवर राहतो आणि त्याची कड दातेरी दिसते. त्या कडेच्या पलीकडे काय चाललंय हे काठावरून कळत नाही, पण दुर्बिणीतून पाहिलं की पांढरे ठिपके उमटताना आणि विझताना दिसतात. माझी पैज आहे की तुमची गाईड दर तासाला भूशिराच्या टोकापर्यंत जाऊन येत होती. तुम्ही लिहिलंय, "सारखी फेऱ्या मारत होती, आमच्याशी बोलत नव्हती." तेच ते.

इतकं करून वारा आला असता तर आला असता, असंही कुणी म्हणेल. कोकणात किंवा गोव्यात कयाक उलटली तर आपण हसतो, भिजतो आणि परत चढतो. इथे जुलैतही पाणी दहा अंशांच्या खाली असतं, हिमनदीजवळ तर आणखी गार. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी अशा पाण्यात स्वतःवर प्रयोग करून एक सोपा आराखडा दिला, तो आम्ही सगळे शिकतो: एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणायला जातं. गार पाण्याच्या धक्क्याने माणूस धापा टाकतो आणि त्यातच पाणी गिळतो. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय उपयोगाचे राहतात. त्यानंतर बोटं ऐकत नाहीत. लाइफ जॅकेटचा पट्टाही धरता येत नाही. शुद्ध हरपायला तासभर लागतो, पण तोवर स्वतःला वाचवायची ताकद कधीच गेलेली असते. पोहता येतं की नाही याला फारसा अर्थ उरत नाही. आणि अनेक गाईडेड ट्रिपमध्ये ड्राय सूट (पाणी आत न शिरू देणारा अंगभर पोशाख) देत नाहीत, रेनकोट, रबरी बूट आणि लाइफ जॅकेटच असतं. तुमच्याकडेही तेवढंच होतं.

आता तिच्या जागी उभं राहून बघा. तीन जोडकयाक आणि तिची एक. एक उलटली तर ती दोघांना दहा मिनिटांत परत चढवू शकते, मोकळ्या पाण्यात त्याचा तिने सराव केलेला असतो. दुसरी उलटली तर तिला दोनच हात आहेत. आणि तुमच्या सासऱ्यांचा उजवा खांदा दुखत होता, हे तुम्ही शेवटच्या ओळीत सहज म्हणून लिहिलंय. तिने ते दुसऱ्या दिवशीच पाहिलं असणार. खांदा दुखला की माणूस सांगत नाही, पण त्याचं वल्हं एका बाजूला कमी खोल जातं आणि कयाक सतत थोडी वळत राहते. मागे बसलेला मुलगा मग रडरवर (सुकाणूवर) पाय दाबून ती सरळ ठेवत राहतो. गटाचा वेग म्हणजे त्या कयाकचा वेग.

शिवाय परवा दुपारी ठरलेल्या जागी बोट घ्यायला येणार होती. ती दिवसाची एकच, पर्यटकांना हिमनद्या दाखवत फिरणारी, तिचं वेळापत्रक तुमच्यासाठी थांबत नाही. पलीकडे जाऊन वाऱ्यात अडकला असतात तर पाचवा दिवस परतीची वाट बघण्यात गेला असता, आणि सहाव्या सकाळी "बोट चुकेल" या घाईने तिला जाऊ नये अशा पाण्यात उतरावं लागलं असतं. या किनाऱ्यावरचे अपघात वादळात कमी होतात. घरी परतायच्या दिवशी जास्त होतात, असं माझं मत आहे.

तरी एका ठिकाणी मी तिच्याशी सहमत नाही. पलीकडे जायचं तर तो निर्णय सकाळी नऊचा नव्हता, आदल्या रात्रीचा होता. मी असते तर जेवणानंतर भरतीचा तक्ता तुमच्यासमोर ठेवला असता: पहाटे तीनला सुकती, त्यानंतर पाणी वर चढणार, वारा झोपलेला, जुलैत चारला उजेड. वाचुसेट बघायचं असेल तर तीनला उठायचं, रात्रीच निम्मं सामान भरून ठेवायचं, पाचच्या आत पाण्यात. जमेल का? सहापैकी दोघांनी नाक मुरडलं असतं तर तेव्हाच ठरलं असतं की उद्या पायी फिरायचं. मग दुसऱ्या दिवशी कुणी रुसून बसलं नसतं, कारण तो निर्णय तुमचा असता. तिने हे केलं नसेल तर तो अनुभवाचा कमीपणा आहे. त्यात भित्रेपणा नाही.

आता अर्धा मैल. कयाकवाल्यांसाठी पाव मैल हे किमान अंतर सांगितलं जातं. मी स्वतः अर्धा मैल धरते, आणि मॅकब्राइडला तर कयाक बाहेर ठेवून काठाने चालत जाणं मला जास्त आवडतं. त्या हिमनदीपुढच्या छोट्या खाडीचं तोंड चिंचोळं आहे. ओहोटीला आतले हिमखंड त्यातून गर्दीने बाहेर येतात, आणि प्रवाहात तुमच्यापेक्षा ते वेगाने चालतात.

अंतराबद्दल सगळ्यांची फसगत होते, कारण तिथे मोजायला काही नाही. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. पश्चिमेच्या फाट्यात मार्जरी हिमनदी आहे. तिचा दर्शनी कडा दीडेक किलोमीटर रुंद आणि पाण्यावर पाऊणशे मीटर उंच सांगितला जातो. लोक तो बघून म्हणतात, "एवढासाच?" मग समोर क्रूझ जहाज येतं आणि सगळे गप्प होतात. मी गटाला एक गोष्ट करायला लावते: बर्फ कोसळताना दिसला की मोजायला लागा, आवाज आला की थांबा. आवाज सेकंदाला सुमारे तीनशे तीस मीटर जातो. अडीच सेकंद आले तर अर्धा मैल. बहुतेकांनी मनात दोनशे मीटर धरलेले असतात.

कोसळणारा कडा हे एक झालं. दुसरं म्हणजे हिमनदीचा पाण्याखालचा पाय. तिथून तुटलेला तुकडा खालून वर उसळतो, कड्यापासून बराच पुढे, काहीही सूचना न देता. तिसरं, तरंगता हिमखंड. त्याचा नऊदशांश भाग पाण्याखाली असतो, खालून वितळून तोल बदलला की तो कुशीवर वळतो. निळाशार, गुळगुळीत, पाणी निथळणारा हिमखंड दिसला तर तो नुकताच उलटलेला असतो, आणि नेमका त्याच्याशेजारी फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. लाटेचं म्हणाल तर खोल पाण्यात ती फक्त वरखाली करते, काठाच्या उथळ पाण्यात मात्र उभी राहून फुटते. म्हणून उतरल्यावर "कयाक अजून वर, अजून वर" असं गाईड ओरडत होती.

आणि सील. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सीलच्या माद्या पिल्लांना घेऊन हिमखंडांवर पडून असतात. आपण जवळ गेलो की त्या पाण्यात उड्या टाकतात, पिल्लू मागे राहतं किंवा गारठतं. जॉन्स हॉपकिन्स इनलेट तर यासाठी मे आणि जूनमध्ये बोटींना बंदच ठेवतात. कयाकला आवाज नसतो, त्यामुळे ती जास्त निरुपद्रवी असं आपल्याला वाटतं. पण सीलला ती अचानक जवळ आल्यासारखी दिसते, त्यामुळे ते मोटरबोटीपेक्षाही जास्त दचकतात.

ओढ्याचं कोडं सह्याद्रीवाल्याला लवकर सुटायला हवं. आपल्याकडे वर पाऊस झाला की ओढा फुगतो. इथे ऊन पडलं की फुगतो. रात्री बर्फ कमी वितळतो, म्हणून पहाटे पाणी सर्वांत कमी. दुपारनंतर चढत जातं ते संध्याकाळपर्यंत. दोन वाजता गुडघाभर असलेला ओढा तुम्ही चारला परत आला असतात तेव्हा मांडीपर्यंत आला असता. शिवाय ते पाणी दुधासारखं पांढुरकं असतं. हिमनदीने खडक दळून केलेलं पीठच त्यात मिसळलेलं असतं, त्यामुळे तळ दिसत नाही. काठावर उभं राहून कान दिला तर तळाशी दगड गडगडत जाताना ऐकू येतात. तो आवाज आला की मी गटाला घेऊन मागे फिरते, मग पाणी घोट्यापर्यंत का असेना.

चालताना मोठ्याने बोलायला लावलं, मुलाला ते हास्यास्पद वाटलं, असंही तुम्ही लिहिलंय. आपल्याला किल्ल्यावर आग्या मोहोळांमुळे गप्प राहायची शिस्त असते, इथे नेमकी उलटी आहे. आल्डरच्या दाट झुडपांत चार पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि अस्वलाला दचकवणं हीच सर्वांत वाईट गोष्ट. बाकीचे गट "हे बेअर" ओरडत जातात. माझ्याकडे आलेल्या एका डोंबिवलीच्या कुटुंबाने संपूर्ण वाट "गणपती बाप्पा मोरया"वर काढली. अस्वलांना दोन्ही चालतं.

चिवड्याचं तर तुम्ही मनावरच घेतलंय. खाण्याचं आणि वासाचं सगळं, म्हणजे टूथपेस्ट, लिप बाम, सनस्क्रीनसुद्धा, अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात ठेवायचं आणि डबे तंबूपासून शंभर यार्डांवर, हा पार्कचा नियम आहे. स्वयंपाक आणि जेवण भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात करायचं, म्हणजे सांडलेलं समुद्र धुऊन नेतो. कढीपत्त्याच्या फोडणीचा चिवडा झोपायच्या पिशवीशेजारी ठेवणं म्हणजे रात्री पाहुण्याला आवतण. एकदा अस्वलाला तंबूत खायला मिळालं की ते पुढच्या तंबूतही शोधतं, आणि मग शेवटी मारलं जातं ते अस्वल.

तंबू इतके वर का, सामान इतक्या लांब का वाहायला लावलं, याचंही उत्तर भरतीतच आहे. किनाऱ्यावर शेवाळाची जी शेवटची ओळ दिसते ती कालच्या भरतीची असते. भांग, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असलेले दिवस, संपून उधाणाकडे दिवस चालले असतील तर रोज रात्रीची भरती आदल्या दिवशीपेक्षा वर येते. अमावास्या-पौर्णिमा बघून समुद्राचा अंदाज करायचा हे मी देवगडला शिकले, इथे त्याला छापील तक्त्याची जोड आहे एवढंच. याखेरीज दरडींचं भय असतं. १९५८ साली याच पार्कच्या खुल्या समुद्राकडच्या किनाऱ्यावर, लिटुया बेमध्ये भूकंपाने कडा कोसळला आणि समोरच्या डोंगरावर ५२४ मीटर उंचीपर्यंतची झाडं लाटेने उखडून नेली. जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही: ऑगस्ट २०२५ मध्ये अलास्काची राजधानी जुनोच्या दक्षिणेला ट्रेसी आर्म नावाच्या खाडीत साउथ सॉयर हिमनदीजवळ दरड कोसळली. तिथून कित्येक किलोमीटर दूर हार्बर आयलंडवर झोपलेल्या कयाकवाल्यांच्या तंबूंशेजारून पहाटे पाणी वाहत गेलं. माणसं बचावली, एक कयाक आणि बरंचसं सामान गेलं.

हे सगळं तिला ठाऊक असणार. मग तक्रार कुठे योग्य आहे? तिने तुम्हाला हे सांगितलं नाही, इथे. आणि थांबलेला दिवस रिकामा जाऊ दिला, इथेही. त्या खाडीत थांबून राहण्यासारखं इतकं आहे की मला उलट निघायचं जिवावर येतं. अठराव्या शतकाच्या मध्याला हा सारा उपसागर बर्फाने भरलेला होता. त्या पुढे सरकणाऱ्या बर्फाने इथल्या मूळच्या हूना ट्लिंगिट लोकांना त्यांच्या गावांतून हुसकावून लावलं. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकूव्हरच्या मोहिमेतल्या खलाशांना तोंडाशीच बर्फाची भिंत दिसली. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्युइर आला तेव्हा ती साठ-सत्तर किलोमीटर मागे गेली होती. तुमचा तंबू होता ती जमीन त्याच्या वेळी बर्फाखाली होती. म्हणूनच तळापासून हिमनदीच्या दिशेने चालत गेलं की काळात मागे जाता येतं: आधी आल्डर, मग ड्रायसची पिवळसर फुलांची चटई, मग नुसते खडक आणि त्यावरचं काळं शेवाळ. ड्रायस आणि आल्डर दोघंही हवेतला नायट्रोजन मुळांशी बांधतात, त्यावर नंतर स्प्रूसची झाडं उभी राहतात. विल्यम कूपर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये इथे जमिनीचे छोटे चौकोन आखून नोंदी सुरू केल्या आणि त्या पुढे इतर संशोधकांनी चालू ठेवल्या. चौदा वर्षांच्या मुलाला हातात भिंग देऊन दोन तास या वाटेवर चालवलं असतं तर त्याने वाचुसेटचं नाव काढलं नसतं. ज्यांची ही भूमी, त्या हूना ट्लिंगिट लोकांचं सामुदायिक घर २०१६ पासून पार्कच्या मुख्यालयाजवळ, बार्टलेट कोव्हला उभं आहे. परत जाताना तिथे नेलं की नाही, हेही मी गाईडकडून ऐकायला उत्सुक असते.

पैशांचं थोडक्यात. हवामानामुळे बदललेल्या दिवसाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, करारात तसं लिहिलेलं असतं. मागू नका, पण कंपनीला पत्र जरूर लिहा, आणि त्यात "थांबवलं" असं न लिहिता "का थांबवलं ते सांगितलं नाही" असं लिहा. त्या मुलीलाही त्याचा उपयोग होईल.

पुढच्या वेळी कंपनी निवडताना वय विचारू नका. एका गाईडमागे किती माणसं, हे विचारा. तिचं रानातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण चालू मुदतीत आहे का, सॅटेलाइटचं यंत्र आणि मरीन रेडिओ दोन्ही बरोबर असतात का, तेही विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचं, कार्यक्रमात मोकळा दिवस आहे का. सहाच्या सहा दिवसांना ठिकाणाचं नाव लावलेलं पत्रक आलं तर मी तिथे पैसे भरणार नाही. तुमच्या पत्रकात तसंच होतं, आणि निम्मा राग त्या पत्रकाने निर्माण केला.

गाईडशिवाय जाण्याबद्दल. सह्याद्रीतला तुमचा अनुभव पायी भागात नक्की कामाला येईल: ओझं, ओले बूट, वाट शोधणं. पाण्यावर तो जवळजवळ शून्य आहे, आणि तारकर्लीच्या संथ, कोमट खाडीतले दोन तास त्यात भर घालत नाहीत. पण जाऊच नका असं मी म्हणणार नाही. आधी घराजवळच्या गार तळ्यात एखाद्या प्रशिक्षकाकडे उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडणं आणि परत चढणं शिका, सासऱ्यांना वगळून, तिघांनीही. मग बार्टलेट कोव्हला जाऊन कयाक भाड्याने घ्या. परवाना फुकट आहे, त्याआधीची माहितीची बैठक सक्तीची आहे, अस्वलरोधक डबे पार्क देतं. आणि म्युइर इनलेटकडे न जाता बिअर्डस्ली बेटांत तीन दिवस काढा. उन्हाळ्यात तिथे मोटरबोटींना मनाई असते, पाणी आडोशाचं आहे, देवमासे आणि अस्वलं दोन्ही दिसू शकतात. हिमनदी एकही नाही, ती हवी असेल तर एक दिवस पर्यटक बोटीने बघून या. बार्टलेट कोव्हमधून बेटांकडे जाणारा चिंचोळा मार्ग भरतीच्या आगेमागे दोन-तीन तासच कयाकजोगा असतो, नंतर तो कोरडा पडतो. तारखा ठरल्या की इथेच कळवा, त्या दिवसांचा भरतीचा तक्ता बघून निघायची वेळ सांगते.